मन्या, ती ओळ तुझी होती

डोंबिवली, रविवार दुपार

प्रिय मन्या,

तुझे तीन मिस्ड कॉल आणि दिवाळीचा मेसेज, एकालाही उत्तर दिलं नाही. कामात होतो वगैरे लिहीत नाही, कारण नव्हतो. तुला फोन लावायला धीर होत नव्हता. फोनवर तू "हं, बोल" म्हणून गप्प बसतोस आणि मग मला जे सांगायचंय ते सोडून मी भलतंच बोलत सुटतो, म्हणून टाइप करतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस. तब्येत बरी, शुगर गोळ्यांवर, गुडघा आहे तसाच. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता स्वच्छ दिसतं आणि पहिल्याच दिवशी तिला घरातली सगळी जळमटं दिसली.

तर मुद्दा. मी तुझ्या गावाला जाऊन आलो.

तुला न सांगता गेलो. तुमच्याकडे मराठवाड्यात पूर आला म्हणून आपल्या हॉस्टेलच्या बॅचने मदतीसाठी जे गाणं केलं, त्यातून जमलेले पैसे घेऊन आपला जाड्या आणि मी असे दोघं गेलो, तुझ्या दादाकडेच उतरलो, आणि तिथे जे झालं ते ग्रुपवर कुणाला सांगण्यात अर्थ नाही, जाड्याला तर शेजारी बसूनही कळलं नाही. तुलाच कळेल. आणि तू तर ऑक्टोबरात "पैसे पाठवतो, तोंड दाखवणार नाही" एवढं लिहून ग्रुप सोडलास. तेव्हा मी फार चिडलो होतो तुझ्यावर. हिला म्हटलं सुद्धा, बघ, याच्याच गावात पाणी शिरलंय आणि हाच बाहेर पडतो. आपल्या रूममधलं ८५ सालचं भांडण आठवलं नाही मला तेव्हा. परवा परतीच्या गाडीत आठवलं, बार्शी सोडल्यावर.

ती कॅसेट आठवते ना? आफ्रिकेच्या दुष्काळासाठी अमेरिकेतले सगळे मोठे गायक एकत्र येऊन गायले ते, वी आर द वर्ल्ड. लक्ष्मी रोडवरून आणलेली, कव्हर कुणीतरी झेरॉक्स केलेलं, त्यात मायकेल जॅक्सन आणि रे चार्ल्स यातला फरक कळत नव्हता. मी ती इतकी वाजवली की मेसचे काकासुद्धा "व्ही आर द वल्ल" म्हणत आमटी वाढायचे. आणि तू एकदा टेपच बंद केलास. म्हणालास, देणाऱ्याचा फोटो येतो, खाणाऱ्याचं नाव कुठे येतं. मी म्हटलं, तुला सगळ्यातच खोट दिसते. मग तू दोन दिवस बोलला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी रात्री लाइट गेल्यावर, अंधारात, ७२ च्या दुष्काळाचं सांगितलंस. तू सहा वर्षांचा, आई खडी फोडायला जायची, तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची, आणि घरी ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता तुटायची. आणि जमिनीला पडलेल्या भेगेत तू हात घातलास तर कोपरापर्यंत आत गेला, हे.

मन्या, तो कोपरापर्यंतचा हात मी गाण्यात घातला.

गाणं मी लिहिलं हे तुला माहीत असेल, जाड्याने सगळीकडे फिरवलं. "कोपरभर भेगेत हात" अशी ओळ आहे, आणि तिच्या पुढे "जिथे काही पिकत नाही". सगळ्यांना फार आवडली. सिडनीचा आपला पोरगा ती गाताना रडला म्हणे (त्याच्या मागे स्विमिंग पूल दिसतोय, पुराच्या गाण्यात, निळाशार, कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही). एकतीस जण, बत्तीस ओळी, प्रत्येकाने आपापल्या घरातून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, चार लाख बारा हजार जमले. मी खूप खूश होतो. खरंच होतो.

आता दादाकडचं. दादाने आधी शेत दाखवलं. सीनेचं पाणी ओसरून महिने झाले पण नदीकाठचं दीड एकर खरडून गेलंय, माती नाहीच, खाली मुरूम आणि दगड. दुसऱ्या वावरात उलट, गुडघाभर गाळ. सोयाबीन काढायला आलं होतं ते उभंच कुजलं. दोन म्हशी गेल्या. आपल्या पैशातून दोन दिवस जेसीबी लावून गाळ काढला, पाच-सहा घरांना हरभऱ्याचं बियाणं दिलं, शाळेतल्या पोरांना दप्तरं. दादाने प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवलाय, आपण मागितला नव्हता तरी. मग संध्याकाळी ओसरीवर जाड्याने हौसेने मोबाइल काढून सगळ्यांना गाणं ऐकवलं. पोरं ऐकतायत, वहिनी दारात उभ्या, आणि ती ओळ आली.

दादा काही रागावला नाही रे. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "गाणं ग्वाड हाय. पर भेगा कुटल्या? आमचं तर पाण्यानं गेलं." मग थोडं थांबून, "अन् पिकत न्हाई कसं, तुमी आत्ता जेवलासा ती जवारी आमचीच की." एवढंच. मग वहिनींनी विचारलं, अजून भाकरी वाढू का.

मी पुराच्या गाण्यात दुष्काळ लिहिला, मन्या. मराठवाडा म्हटलं की माझ्या हाताने आपोआप भेगा लिहिल्या. आणि त्या भेगाही तुझ्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या, तू अंधारात सांगितलेल्या.

घरी आलो, झोप येईना, तर नेटफ्लिक्सवर ती २०२४ ची डॉक्युमेंटरी लावली, वी आर द वर्ल्ड रेकॉर्ड झालं त्या रात्रीची, २८ जानेवारी १९८५. तू बघ एकदा, भांडायला तरी बघ. जुना गायक हॅरी बेलाफोंटे, त्याची मूळ कल्पना, गाणं जॅक्सन आणि लायनेल रिचीचं, आणि लॉस एंजेलिसमधल्या अवॉर्डच्या कार्यक्रमातून या चाळीसेक माणसांतली बरीचशी थेट स्टुडिओत येतात. दारावर रेकॉर्डिंगचा निर्माता क्विन्सी जोन्सने पाटी लावलेली, अहंकार बाहेर ठेवून आत या. सकाळपर्यंत गातात. गायिका सिंडी लॉपरच्या दागिन्यांचा खुळखुळाट माइकमध्ये येतो म्हणून ती एकेक काढून ठेवते. मध्येच सगळे मिळून बेलाफोंटेचंच जुनं गाणं त्याच्यासाठी म्हणतात. आणि बॉब डिलन! घोळक्यात असा उभा आहे की हुबेहूब तू, फिजिक्सच्या व्हायव्हाला. त्याला आपली ओळ कशी म्हणावी कळेना, तर स्टीव्ही वंडर पियानोवर बसून डिलनच्याच आवाजात डिलनला गाऊन दाखवतो, आणि मग ह्या गड्याला जमतं. ते बघून मला भरून आलं. माणसं खरंच चांगली होती त्या खोलीत, हे मी अजून म्हणतो, तुझ्यासमोर म्हणतो.

पण त्याच रात्री स्टीव्हीच्या डोक्यात येतं की दोन ओळी स्वाहिलीत घेऊ. वेलन जेनिंग्ज म्हणून एक गायक तर त्यावरून निघूनच गेला. मग कुणीतरी सांगतं की अरे, दुष्काळ आहे त्या इथिओपियात स्वाहिली बोलतच नाहीत. सगळं जग ज्यांच्यासाठी गातंय त्यांची भाषा कुठली हे विचारलेलंच नाही. नंतर स्टीव्हीच दोन इथिओपियन बायकांना घेऊन येतो, त्या आपल्या देशाच्या वतीने आभार मानतात आणि कित्येकांना रडू येतं. मी ते मागे नेऊन तीनदा पाहिलं. म्हणजे उपाय अवघड नव्हता बघ, कुणाला तरी आत बोलवायचं एवढंच होतं.

आणि ज्या गाण्यावरून यांनी हे उचललं ते इंग्लंडवाल्यांचं, 'डू दे नो इट्स ख्रिसमस', बॉब गेल्डॉफ आणि मिज युर या गायकांनी जमवलेल्या बँड एडचं, ते तर त्याहून. ऑक्टोबर ८४ मध्ये बीबीसीवर इथिओपियातल्या कोरेमचा, तिथल्या दुष्काळाचा रिपोर्ट आला, एका महिन्यात, २५ नोव्हेंबरला, लंडनमध्ये एका दिवसात रेकॉर्डिंग, गायक बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉन्कॉर्ड विमानाने आला. सत्तर हजार पौंड मिळतील असा गेल्डॉफचा अंदाज होता, वर्षभरात ऐंशी लाख आले. थॅचरबाईंच्या सरकारने त्या रेकॉर्डवरचा टॅक्स सोडायला नकार दिला तर त्यांच्याशी भांडून तेवढी रक्कम परत मिळवली. हे सगळं मला अजून थोर वाटतं. पण गाण्यात काय विचारलंय, तर त्यांना नाताळ आलाय हे तरी ठाऊक आहे का! चौथ्या शतकापासून ख्रिस्ती असलेला देश, लालिबेलाला अख्ख्या खडकातून कोरलेली चर्चेस, ७ जानेवारीला त्यांचा नाताळ असतो. म्हणे तिथे काही उगवत नाही, नद्या वाहत नाहीत. निळी नाईल तिथूनच निघते, कॉफी तिथलीच. उत्तरेत दुष्काळ होता, खरंय, पण त्याच्या जोडीला युद्ध होतं, मेंगिस्तू या हुकूमशहाचं सरकार होतं, त्याचा गाण्यात शब्द नाही. आणि गायक बोनोच्या वाट्याची ती ओळ, की देवा, आज त्यांच्यावर आलीय आपल्यावर नाही, याबद्दल तुझे आभार. त्याला स्वतःलाच ती गायची नव्हती म्हणतात. तरी २००४ ला गाणं नव्याने केलं तेव्हा परत गायला. २०१४ ला, इबोलाच्या वेळी, बदलली. तीस वर्षं लागली.

त्या २०१४ च्या वेळी फ्यूज ओडीजी म्हणून घानाच्या घरातला एक इंग्लंडचा गायक आहे, त्याला बोलावलं होतं, तो गेला नाही. म्हणाला आफ्रिका म्हणजे फक्त रोग आणि भूक असं दाखवता. तेव्हा त्याला किती बोलणी बसली असतील. दहा वर्षांनी, त्याच २०१४ च्या गाण्यात गायलेल्या एड शीरनने जाहीर सांगितलं की आता विचारलं असतं तर माझा आवाज वापरू दिला नसता. त्यावर गेल्डॉफचं म्हणणं असं, की या छोट्याशा गाण्याने लाखो माणसं जगवली. मन्या, मला दोघांचंही पटतं आणि माझी झोप त्यानेच उडालीय.

कारण एक लक्षात ठेव, तूही चुकतोस. २०१० च्या मार्चमध्ये तू मला आनंदाने बातमी पाठवली होतीस, मदतीचे पैसे बंदुकांना गेले, ऐकलंस का रूम नंबर १७. नोव्हेंबरात बीबीसीने बँड एडची माफी मागितली, त्या पैशाबद्दल तसा पुरावा नव्हता म्हणून. ते तू नाही पाठवलंस. मी पण पाठवलं नाही, म्हटलं भेटल्यावर तोंडावर टाकू, ते आज टाकतोय. अमेरिकेच्या गाण्याचे सहा कोटी डॉलरच्या वर जमले, ते धान्य आणि औषधं म्हणून कुणाच्या तरी पोटात गेले. तुझ्या आईच्या पदरातली सुकडीही कुणीतरी कुठेतरी पाठवली म्हणूनच आली होती ना? पाठवणाऱ्याने फोटो काढून घेतला असेल. तू जगलास. मला रूममेट मिळाला. (हे वाचून तू टेप बंद करणार, माहितीय.)

आणि दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नकोस. करोनात मार्च २०२० मध्ये हॉलिवूडची नटी गॅल गॅडोट आणि बाकीच्या स्टार लोकांनी आपापल्या बंगल्यातून एक-एक ओळ म्हणून व्हिडिओ टाकला होता, त्यात तर कुणासाठी पैसे मागितलेलेही नव्हते, नुसतं गायले. ते आणि हे एक नाही. आमच्या गाण्याने जेसीबी आला.

आता खरा प्रश्न. गाणं अजून चालू आहे. खाली क्यूआर आहे, रोज पाचशे, हजार येतातच. दादाच्या गावची शाळा आहे ना, आपण उन्हाळ्यात जिच्या व्हरांड्यात झोपलो होतो, तिची मागची भिंत बसलीय, त्यासाठी पैसे लागणारेत. काल ग्रुपवर मी लिहिलं की ती ओळ बदलू, तोवर गाणं काढून ठेवू. तर दणादण मेसेज. जाड्या म्हणतो ओळ कोण ऐकतं रे, लोक चेहरे बघून पैसे देतात. सिडनीवाला म्हणतो मी तर तीच ओळ गायलोय, मग माझं काय. कुणीतरी लिहिलं, मराठवाड्यात दुष्काळ नसतो का, असतो की. असतो, बरोबर आहे, आणि ह्याच वाक्याने मी गप्प झालो. काढलं तर भिंत लांबते. ठेवलं तर दर वेळी कुणीतरी ओसरीवर बसून ते ऐकणार, ज्याच्या ताटातली ज्वारी आपण खाल्ली. दादाला फोन करून विचारलं, काढू का. तर म्हणे "ऱ्हाऊ द्या हो, पोरास्नी आवडतंय." यात सुटका नाहीये रे. तो पाहुण्याचं मन राखतोय, मला काय कळत नाही का.

बरं, तुझं. चिंगीचं इंजिनिअरिंगचं झालं का नक्की? वहिनींची बदली टळली असं ताईकडून कळलं, बरं झालं. इंदूरला थंडी फार आहे म्हणे, तुझा तो तपकिरी स्वेटर अजून असेल तर फेकून दे. आणि ती तुझी कवितांची वही, हॉस्टेलमधली, मला सापडलीय, माझ्याच ट्रंकेत होती, चाळीस वर्षं तू माझ्यावर आळ घेत होतास तो खरा निघाला. भांडू नकोस, कुरिअर करतो.

मी ठरवलं ते असं. पुढच्या रविवारपर्यंत गाणं राहील, तोवर आलेले पैसे भिंतीला. त्या दिवशी जाड्याकडे पुन्हा रेकॉर्डिंग लावलंय, सिडनीवाला तयार झालाय, पूल मागे येणार नाही. त्या दोन ओळींची जागा मी रिकामी ठेवलीय. मी त्या लिहिणार नाही. तू लिही, किंवा दादाला विचारून लिही, त्याच्या बोलीत आल्या तरी चालतील, चालीत बसवायचं काम माझं. तोंड दाखवू नकोस हवं तर. पण नदी असू दे त्यात, आणि ज्वारी असू दे. आणि ७२ चा तो हात परत हवा असेल तर परत घे, किंवा असू दे म्हण, तुला विचारल्याशिवाय आता मी त्याला हात लावत नाही.

शनिवारी रात्रीपर्यंत पाठव. नाही पाठवलंस तर मी फोन करीन आणि तू "हं, बोल" म्हणशील.

तुझा,
रूम नंबर १७

ता. क. दादाने तुझ्यासाठी पाच किलो ज्वारी दिलीय, पोत्यातली वरची नाही, खालची निवडक. माझ्याकडे आहे. न्यायला ये.