गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वाड्यांच्या पडवीत, शेतातल्या शेडमध्ये अजूनही प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर आणि महिंद्राच्या जुन्या जीपा ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात टिकलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. त्यामुळे अशी गाडी भंगारात घालण्याऐवजी पुन्हा सुरू करायला एक कारण मिळालं. पण बरीच वर्षं उभी असलेली गाडी चालू केली की पहिली तक्रार येते ती गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या डागाची. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे बॉक्स उतरवायचा आणि सगळी सीलं (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलायची. दोन-तीन दिवसांची मजुरी जाते आणि पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत डाग पुन्हा दिसतो, कारण तेल नेमकं कुठून येतंय हे कुणी शोधलेलंच नसतं. हा शोध मालकाला घरच्या घरीही घेता येतो, म्हणून हे पत्र.

आधी तेल कुठलं ते ठरवा. रात्री गाडीखाली इंजिनपासून मागच्या क्राउनपर्यंत (मागच्या एक्सलमधल्या गिअरांच्या पेटीपर्यंत) पांढरा पुठ्ठा पसरा आणि चाकं कुठे येतात त्याच्या खुणा त्यावर करा. इंजिन ऑइल काळपट आणि पातळ असतं. गिअर ऑइल मधासारखं दाट असतं आणि त्यातल्या गंधकामुळे त्याला उग्र, कुजकट वास येतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. ब्रेक ऑइल वाटीभर पाण्यात टाकलं तर विरघळतं, बाकीची तेलं वर तरंगतात. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत ब्रेक ऑइलच्या दाबावर क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलेंडर बेलहाउसिंगजवळच (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लचवरच्या आवरणाजवळच) असतो, म्हणून ही पाण्याची परीक्षा टाळू नका. एक सावधगिरी हवी. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गिअरबॉक्सांत मुळात इंजिन ऑइलच घालायचं असतं. तिथे वासावर विसंबू नका, रंग बघा. गिअरबॉक्समध्ये जळकी काजळी येत नसल्यामुळे तेच तेल तिथे फारसं काळं पडत नाही.

मग पातळी तपासा. गाडी सपाट जागी हवी. फक्त पुढून जॅक लावून घेतलेली पातळी खोटी असते. नियम असा की आधी भरायचा बोल्ट सैल करून बघायचा आणि मगच खालच्या निचऱ्याच्या बोल्टला हात लावायचा. नाहीतर तेल रिकामं होतं, वरचा बोल्ट गंजून बसलेला निघतो आणि गाडी जागेवर अडकते. तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावं. भोक उघडताच धार लागली तर जास्त भरलंय, आणि जास्त भरलेला बॉक्स चांगल्या सीलमधूनही गळतो. अशा गाडीला पातळी बरोबर करण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही.

खाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका आणि विटा तर लावूच नका, त्या दाबाखाली फुटतात. पक्के स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे घ्या आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

आता सफाई. आपल्याकडच्या काळ्या मातीचा आणि तेलाचा मिळून जो थर बसतो तो आधी लाकडी पट्टीने खरवडायचा, मग डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाण्याचा झोत गिअरबॉक्सवर मारू नका. पाणी आत जातं आणि तेल दुधाळ होतं. पूर्ण वाळल्यावर बॉक्सवर, जोडांवर आणि मागच्या टोकाला साधी टाल्कम पावडर उडवा. १५-२० किलोमीटर गाडी चालवून आणा आणि लगेच खालून टॉर्चने बघा. तेल पावडरीवर स्वतःची वाट काढून ठेवतं. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा फारच क्वचित गळतीची जागा असते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. नंतर पुन्हा पुसून, पावडर लावून गाडी रात्रभर उभी ठेवा. उभ्या गाडीत गळत असेल तर संशय निचऱ्याच्या बोल्टवर, पॅकिंगवर किंवा तळाजवळच्या जोडांवर घ्यावा. फक्त चालवल्यावर गळत असेल तर मागचं सील, पुढचा शाफ्ट, स्पीडोमीटरची जोडणी किंवा बॉक्समध्ये साठलेला दाब.

हा दाब आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलला हवा आत-बाहेर व्हायला ब्रीदर असतो, कुठे टोपीसारखा, कुठे नुसतं छोटं भोक. खानदेशातली उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्यात शेतरस्त्यावरचा चिखल त्यावर बसतो, तेलात भिजतो आणि वाळून दगडासारखा होतो. सकाळी ३० अंशांवर असलेली आतली हवा चालून चालून ९० अंशांवर गेली तर ती पाचव्या हिश्श्याने फुगू पाहते. वाट बंद असेल तर जवळपास ३ पौंडांचा दाब तयार होतो. टायरच्या मानाने हा आकडा क्षुल्लक आहे, पण गिअरबॉक्सचं सील तेल पुसून परत पाठवायला बनवलेलं असतं, दाब अडवायला नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात असताना तेलही पातळ होतं आणि सगळ्यात कमजोर सीलच्या ओठातून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेतून, बाहेर पडतं. रात्री बॉक्स गार झाला की उलटं घडतं. आत पोकळी होते आणि सीलच्या ओठावरून धूळ आत ओढली जाते. ती धूळ मग सील आणि शाफ्ट दोन्ही खाते.

तपासणी सोपी आहे. २० किलोमीटर चालवल्यावर गाडी सपाट जागी उभी करा, हातमोजे घाला आणि भरायचा बोल्ट हळूहळू सैल करा. 'फुस्स' आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. तो काढून डिझेलमध्ये भिजवा, बारीक तारेने मोकळा करा, हवा मारा. टोपी असेल तर ती बोटाने हलली पाहिजे. एक्सलचा ब्रीदरही त्याच वेळी साफ करा. तो बंद असला की क्राउनचं तेल एक्सलच्या सीलमधून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. एवढं करून आठ दिवस गाडी वापरा आणि मगच सीलचा विचार करा.

मागचं सील खरोखरच गळत असेल तर त्यासाठी बहुतेक गाड्यांत बॉक्स उतरवावा लागत नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण करून तो सोडवा, म्हणजे परत बसवताना तोल जाणार नाही. सरकता योक (या शाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक) बाहेर काढला तर बॉक्सचं तेल मागून सांडतं, खाली ट्रे ठेवा. आता सीलचा ओठ जिथे घासतो त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय आणि नवं सीलही गळेल. अशा वेळी सील एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठाला कोरी जागा द्या किंवा पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे योक जागेवर असताना वर-खाली हलवून बघणं. जाणवण्याइतका प्ले (ढिलेपणा) असेल तर दोष मागच्या बुशाचा, म्हणजे योकला आधार देणाऱ्या कड्याचा आहे. हेलकावणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. तीन-तीन वेळा सील बदललेल्या गाड्यांत बहुधा हेच निघतं. नव्या सीलवरचे आकडे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने मिलिमीटरमध्ये असतात. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची आणि ओठाला आधी गिअर ऑइल लावायचं. कोरडं बसवलेलं सील पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतं.

मागे तेल दिसलं तरी आधी स्पीडोमीटरच्या केबलची जोडणी कोरडी आहे का बघा. तिथलं छोटं सील किंवा ओ-रिंग गेली की तेल मागच्या सीलच्याच जागी ओघळतं, आणि कधी केबलमधून चढत मीटरपर्यंत पोचतं. निचऱ्याच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर कडक होऊन गेलेला असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. वरच्या झाकणाचे बोल्ट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो आणि बोल्टांच्या मधून तेल येतं.

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, काही गाड्यांत त्यात स्प्लिट पिन सैल लोंबती ठेवलेली असते. पिन हलत राहून भोक मोकळं ठेवते. हे भोक कुणी एम-सील लावून बुजवलं असेल तर आजच उघडा. गळणारं तेल बाहेर पडायची ती वाट आहे, ती बंद केली की तेल क्लच प्लेटवर जातं. या भोकातून गिअरबॉक्सचं तेल आलं आणि ब्रीदर, पातळी दोन्ही ठीक असतील, तर मात्र बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. इंजिनातलं काळपट तेल असेल तर बॉक्सचा काही दोष नाही. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी तेल परत फेकणारी आटेदार खाच आहे, त्यामुळे थोडा ओलावा तिच्या घडणीतच आहे.

जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) एकमेकांना चिकटून असतात आणि मधल्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे जातं. गिअरबॉक्स रिकामा होतोय पण जमिनीवर डाग नाही, असं दिसलं तर ट्रान्सफर केसचा बोल्ट उघडा, तेल तिथे जास्त झालेलं सापडेल. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असल्यामुळे तिथलं सील गळलं की हँडब्रेक धरत नाही. कन्नडच्या घाटात अशी जीप उभी करणं धोक्याचं आहे.

ऑटोमॅटिक बॉक्सच्या जुन्या परदेशी गाड्यांबद्दल थोडक्यात. त्यांचं तेल लाल असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं (क्लचच्या जागी असणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या जोडणीतलं) तेल खालच्या पॅनमध्ये उतरतं, पातळी एरवी कोरड्या राहणाऱ्या सीलपर्यंत चढते आणि तिथून गळतं. आठवड्यातून एकदा गाडी सुरू केली की हे बरेचदा थांबतं. तेल कमी होतंय, खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं असेल तर व्हॅक्युम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या ओढीनुसार गिअर बदलायला मदत करणाऱ्या डबीची) इंजिनाकडे जाणारी नळी काढून बघा. नळीत लाल तेल सापडलं तर त्याचा पडदा फाटलाय. रेडिएटरमध्ये गुलाबी दुधासारखं पाणी दिसलं तर बॉक्सचं तेल आणि पाणी एकमेकांत मिसळलंय, गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

गळती थांबावी म्हणून ९० ऐवजी १४० नंबरचं, म्हणजे जास्त दाट, तेल भरण्याची आपल्याकडे रीत आहे. धुळ्यात थंडीत पारा आठ-नऊ अंशांवर आला की असं तेल गोठल्यासारखं होतं, गिअर करकरतात आणि बारीक बुशांपर्यंत तेल वेळेवर पोचत नाही. नुकसान आत होतं, डाग तेवढा लहान दिसतो. सील फुगवणारी औषधंही तीच फसवणूक करतात, रबर काही महिने फुगतं आणि मग लिबलिबीत होतं.

आणि प्रत्येक डागासाठी गाडी उघडायची गरज नसते. तेलाचे साधारण वीस-पंचवीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. रात्रीत पाच थेंब पडले तर महिन्याला सहा-सात मिलिलिटर तेल जातं, दर महिन्याला पातळी बघून भरलं की पुरतं. पाच सेकंदांना एक थेंब पडू लागला तर तासाला तीसेक मिलिलिटर जातात, तेव्हा जळगाव-धुळे प्रवासाआधी दुरुस्ती करून घ्या.

आपला,
जुन्या मोटारींचा एक मेकॅनिक, जळगाव