मुक्ताच्या चिठ्ठीवरील कोरी जागा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

युटा राज्यात डेल्टा गावाच्या पश्चिमेला, हाउस रेंजच्या डोंगरातील खाणीत आमचे मराठी बोलणे कानावर पडले म्हणून आपण थांबलात, तासभर आमच्या नऊ वर्षांच्या मुक्ताजवळ बसलात आणि नाव न सांगताच निघून गेलात. आपला पत्ता जवळ नाही, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

त्याआधी काय घडले होते, ते आपल्याला ठाऊक नव्हते. मुक्ताने खाऊचे पैसे साठवून एका विक्रेत्याकडून मोरोक्कोचा म्हणून एक काटेरी ट्रायलोबाइट, म्हणजे प्राचीन समुद्रातल्या एका नामशेष कवचधारी प्राण्याचा जीवाश्म, घेतला होता. भिंगाखाली त्याच्या पाठीवर हवेचे बुडबुडे दिसले. तो साच्यातून काढलेला कृत्रिम राळेचा तुकडा होता. विक्रेत्याने चूक मान्य करणे दूरच, लहान मुलीला त्याने काय फरक पडतो, असे मलाच विचारले. मुक्ता शेजारीच उभी होती. मीही तिला आधार देऊ शकले नाही, कारण मी सिन्नरच्या काळ्या कातळावर वाढले; ट्रायलोबाइट सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि आपला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा कातळ, तर जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा; तेव्हा त्यात ते सापडणे शक्य नाही आणि मला त्यांची ओळखही नव्हती.

त्या दिवशी खाणीत शेल या पातळ थरांच्या खडकाचे पापुद्रे सोडवून तिने पहिला जीवाश्म काढला, तेव्हा एका अनुभवी संग्राहकाने ओझरते पाहून तो तुटका ठरवला आणि तिने तो निमूटपणे टाकून दिला.

आपण तो ढिगाऱ्यातून शोधून काढलात. भिंग आधी तिच्या हाती दिलेत आणि धडाचे खंड मोजायला लावलेत. ते 13 भरले. हा एल्रेथिया किंगी जातीचा ट्रायलोबाइट, सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन समुद्रातला, असे सांगून आपण डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा दाखवल्यात. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकत, त्या वेळी डोक्यावरील शिवणी उकलून गाल सुटे होत. म्हणून ही बहुधा टाकलेली कात असावी आणि तिचा मालक तिच्यातून बाहेर पडून पुढे चालत गेला असावा. हे सारे आपण माझ्याकडे न पाहता, तिच्याशीच बोललात.

त्यानंतर आपण जे केलेत, त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. ठिकाणाची नोंद नसलेला जीवाश्म अभ्यासाच्या फारसा उपयोगी पडत नाही, असे म्हणत आपण वहीचा कागद फाडून त्यावर स्थळ, व्हीलर शेल हे थराचे नाव आणि तारीख लिहिलीत आणि ‘शोधणारी’ या शब्दापुढे तिचे संपूर्ण नाव, ऱ्हस्व-दीर्घ तिलाच विचारून, देवनागरीत लिहिलेत. जिला फसवले गेले आणि गप्प बसवले गेले, तिची अशी दखल घेण्याची आपल्यावर कोणतीही सक्ती नव्हती. ज्ञान असलेली माणसे मला पुष्कळ भेटली आहेत. ते ज्ञान घेऊन मुलाच्या उंचीपर्यंत वाकणारी फार थोडी.

घरी आल्यावर मुक्ताने तो राळेचा तुकडाही टाकला नाही. आपल्यासारखीच चिठ्ठी करून तिने त्याखाली ‘नकली’ असे लिहून ठेवले आहे.

आपल्या चिठ्ठीवर ‘ओळख पटवणारा’ या शब्दांपुढची जागा मात्र कोरी आहे. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले तर आपले नाव अवश्य कळवावे. मुक्ताला ते स्वतःच्या हाताने लिहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
मुक्ताची आई