एसीतला गॅस हवेत सोडणे थांबवा

महोदय,

एसी एका जागेवरून काढून दुसरीकडे नेताना आउटडोअर युनिटजवळ 'फुस्स' असा आवाज बऱ्याचदा ऐकू येतो. पान्याने नट ढिला केलेला असतो, पाइपाच्या तोंडातून पांढरट फवारा निघतो, थोड्या वेळाने आवाज थांबतो आणि मेकॅनिक पुढच्या कामाला लागतो. धूर नाही, काजळी नाही, त्यामुळे काही वावगे घडले असे कोणालाच वाटत नाही. हवामानबदलाचा विषय निघाला की कोळसा, पेट्रोल, सौर आणि पवन ऊर्जा यांवर भरपूर बोलले जाते. ते बोललेच पाहिजे. पण या फवाऱ्याचा हिशेब कोणी मांडत नाही, तो मांडण्यासाठी हे पत्र.

दीड टनाच्या घरगुती स्प्लिट एसीत थंडावा निर्माण करणारा गॅस साधारण एक किलोच्या आसपास असतो. आज वापरात असलेल्या कितीतरी यंत्रांत तो आर-४१०ए आहे. शंभर वर्षांच्या मोजणीत त्याची तापमान वाढवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरतात. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोभर आर-४१०ए सोडणे आणि ९०० लिटर पेट्रोल जाळणे सारखेच. जुन्या आर-२२चा आकडा १,८१० असून तो ओझोनचा थरही विरळ करतो. नव्या यंत्रांतल्या आर-३२चा आकडा ६७५ आहे. तो हवेत जेमतेम पाच वर्षे टिकतो, त्यामुळे त्याचा सगळा मारा सुरुवातीच्या वर्षांतच होतो; वीस वर्षांची मोजणी केली तर हाच आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. 'पर्यावरणपूरक' असे लेबल वाचून आर-३२ बिनदिक्कत सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इतक्या थोड्या गॅसचा एवढा परिणाम का? पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात बरीचशी अंतराळात निसटते, कारण तिथे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिला फारसे अडवत नाहीत. या गॅसमधले कार्बन-फ्लोरिनचे बंध नेमक्या त्याच पट्ट्यात उष्णता शोषतात. उघडी राहिलेली खिडकीच ते बंद करतात. वीज कोळशाची असो की सौर पॅनेलची, या नुकसानात काडीचा फरक पडत नाही. छतावर पॅनेल बसवून त्यावर एसी चालवणाऱ्याने यंत्र हलवताना गॅस सोडला, तर विजेत वाचवलेला बराच कार्बन त्या एका दिवसात वाया जातो.

ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेला १९८७चा मॉन्ट्रियल करार आणि त्यात २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे झालेली दुरुस्ती ही जगाने केलेली मोठी कामे आहेत. पण त्यांचा मुख्य भर अशा गॅसचे उत्पादन आणि वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर आहे. यंत्रांत आधीच भरलेला गॅस पान्याच्या एका फेऱ्यात मोकळा होतो, आणि तिथे सगळे काही काम करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

तो वाचवणे अवघडही नाही. यंत्र काढण्यापूर्वी 'पंप डाउन' करायचा, म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडून ठेवायचा. एसी कूलिंगवर पाच-दहा मिनिटे चालवायचा. इन्व्हर्टर असेल तर टेस्ट किंवा फोर्स्ड कूलिंग मोडवर, नाहीतर कॉम्प्रेसर आपोआप मंदावतो. जाड पाइपाच्या सर्व्हिस पोर्टला (गॅस भरण्या-काढण्याच्या तोंडाला) दाब दाखवणारा गेज जोडायचा. मग ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) बारीक पाइपाचा वॉल्व्ह पूर्ण बंद करायचा. आता कॉम्प्रेसर इनडोअर आणि पाइपांतला गॅस ओढून आउटडोअरमध्ये साठवतो. एक-दोन मिनिटांत काटा शून्याकडे येऊ लागतो. तो शून्याला टेकण्याच्या बेतात असतानाच जाड पाइपाचा वॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच यंत्र बंद करायचे. इथे चालढकल चालत नाही. काटा शून्याच्या खाली गेला आणि कुठे फट असली की हवा आत खेचली जाते. हवा आणि तेल एकत्र दाबले गेले तर डिझेल इंजिनासारखा आत भडका उडून कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून पाइपात गळती असल्याची शंका असेल किंवा कॉम्प्रेसरच बिघडला असेल, तर पंप डाउन करू नये. तिथे रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये काढावा. सिलिंडर आधी व्हॅक्यूम केलेला (आतली हवा काढलेला) आणि एकाच जातीच्या गॅसचा हवा, आणि द्रवाला प्रसरणासाठी जागा उरावी म्हणून ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा. दोन गॅस मिसळले की शुद्ध करून ते पुन्हा वापरणे फार कठीण होते, बहुधा ते नष्टच करावे लागतात.

पुन्हा बसवतानाही गॅस वाया जातो. पाइपातली हवा आणि ओलावा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप खांद्यावरून आणण्याचा कंटाळा म्हणून बारीक पाइपाचा वॉल्व्ह क्षणभर उघडून गॅसच्या जोरावर पाइपातली हवा बाहेर ढकलतात. गॅस जातोच, शिवाय पाइपाच्या भिंतींना धरून बसलेला ओलावा निघत नाही. आर-४१०ए आणि आर-३२च्या यंत्रांतले तेल पाणी झपाट्याने शोषते, त्यातून आम्ल तयार होते, ते कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांचे (वाइंडिंगचे) इन्सुलेशन खाते आणि पुढे कॉम्प्रेसर जळतो. पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम ओढायचा (इथे मायक्रॉन हे दाबाचे एकक आहे; बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, यावरून अंदाज यावा), मग पंपाकडचा वॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती आहे. साध्या गेजवर हे दिसत नाही. डिजिटल मायक्रॉन गेज लागतो.

सर्वांत जास्त खटकते ते दरवर्षीचे 'टॉप-अप'. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. बारीक पाइपाच्या वॉल्व्हपाशी बर्फ धरू लागला, की गॅस कमी असल्याची दाट शक्यता. पाइप यंत्राला जोडणारा फ्लेअर नट निरखून पाहावा: गॅसबरोबर थोडे तेलही झिरपते, त्यावर धूळ बसून नटाभोवती काळसर चिकट कडे तयार होते. तिथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. जुना फ्लेअर (पाइपाचे कर्ण्यासारखे पसरवलेले तोंड) पुन्हा आवळून भागत नाही. पाइप कापून, तोंड खाली धरून आतली कुसळे काढून, नवा फ्लेअर करून टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावा. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त जोर लावला तर तांबे पातळ होऊन चिरते आणि गळती पुन्हा सुरू होते. मग कोरड्या नायट्रोजनने दाब चाचणी, व्हॅक्यूम, आणि शेवटी यंत्राच्या पट्टीवर लिहिलेले वजन काट्यावर मोजून गॅस भरणे. गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. कमी गॅसवर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, परत येणाऱ्या थंड गॅसअभावी तापतो, आणि वीज जास्त खातो ती वेगळीच.

भंगारात जाणाऱ्या जुन्या फ्रिजकडेही लक्ष हवे. त्याच्या नळ्या कुऱ्हाडीने तोडतात, आणि फार जुन्या फ्रिजच्या भिंतींतल्या फोममध्येही ओझोनला घातक गॅस कोंडलेला असतो. दारे-भिंती फोडण्याऐवजी असा फ्रिज अखंड, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा.

एसी विकणाऱ्यांनी जुने यंत्र काढतानाच गॅस काढून घेण्याची जबाबदारी स्वीकारावी आणि रिकव्हरीचे प्रात्यक्षिक आल्याखेरीज कोणालाही मेकॅनिकचे प्रमाणपत्र मिळू नये. ग्राहकांनी काम सुरू होण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणला आहे का, एवढे विचारावे, आणि यंत्रातून काढलेला व त्यात भरलेला गॅस बिलावर ग्रॅममध्ये लिहून घ्यावा.

आपला,
शीतकरण तंत्राचा एक प्रशिक्षक