दिंडी उघडून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव आणि वाड्याचा पत्ता कुठेही येऊ नये, असे आपण निरोप घेताना बजावले होते. ते पाळूनच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी जुन्या नाशिकमधील आपल्या अळीत, हातात एक जुना फोटो घेऊन दारोदारचे नंबर वाचत फिरणाऱ्या ज्या मायलेकींची आपण ओट्यावरून विचारपूस केलीत, त्या आम्ही, मी आणि माझी लेक.

माझ्या आईचे बालपण त्याच अळीतील एका वाड्यात, भाडेकरूच्या दोन खोल्यांत गेले. ती गेल्यानंतर तिचा वाडा एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढेच मनात होते. तो पाडून तेथे इमारत उभी राहिल्याला बरीच वर्षे झाली, हे आपल्याकडूनच कळले. एवढे सांगून आपण आत निघून गेला असतात, तरी आम्ही आभारच मानले असते. पण आपण म्हणालात, "तो काही आता दाखवता यायचा नाही, आमचा त्याच घडणीचा आहे, या." आणि दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले ते छोटे दार, उघडलीत.

त्या दिंडीतून आत येताना मान वाकवावी लागते आणि त्याच वेळी उंबऱ्यावरून पाऊलही उंच उचलावे लागते. गंगापूर रोडवरील आमच्या फ्लॅटमध्ये शिरताना आई नेहमी मान किंचित खाली घालत असे. ती वयाची सवय असावी, असे मी वर्षानुवर्षे समजत होते. आपल्या दारात माझी मान वाकली तेव्हा तिची ती लकब कुठून आली हे उमगले, आणि मी क्षणभर देवडीतच थांबले. आपण काही विचारले नाहीत, याबद्दलही आभार.

आतले आपण ज्या सबुरीने दाखवलेत, तसे कोणत्याही स्मारकात पाहायला मिळाले नसते. काळ्या दगडाचे उंच जोते, चौकाभोवतीचे चार सोपे म्हणजे ओसऱ्या, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि प्रत्येक खांबाखालचा दगडी तळखडा. लाकूड जमिनीला टेकले की ओल चढते आणि ओलीमागून वाळवी येते, म्हणून खांबाला दगडावर उभे करायचे, हे आपण माझ्या लेकीला खाली बसवून, तळखड्याच्या कडेवरून तिचे बोट फिरवून समजावलेत. वाड्याचा भार भिंतींपेक्षा या लाकडी सांगाड्यावर अधिक असतो, त्यामुळे एखादी भिंत खचली तरी वरचा मजला तगून राहू शकतो, हे मलाही नव्याने कळले. भिंतीवरची १९६९ च्या महापुराची खूण आपण दाखवलीत. ती माझ्या खांद्याच्या वर होती.

देवघराच्या दारात आपण फोटो काढू नका म्हणालात. मला ते फार योग्य वाटले. सराफ बाजारातील सरकारवाडा शासनाच्या संरक्षणाखाली आहे, तो पाहण्याचा आपल्या सर्वांना हक्क आहे. अळीतले वाडे मात्र लोकांची राहती घरे आहेत. तेथे आत जायला मिळणे हा घरच्यांचा मोठेपणा असतो. तेथे दुपारी कोणी झोपलेले असते, चौकात कपडे वाळत असतात, आणि वर्षानुवर्षे त्याच रकमेवर अडकलेल्या भाड्यांतून, वारसांच्या वाटण्यांतून, दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना लागणाऱ्या नोटिसांच्या धास्तीतून ही कुटुंबे छपराची कौले स्वतःच्या खर्चाने चाळून घेत असतात. अनेकांना ते झेपले नाही आणि त्यांनी वाडे सोडले. त्यांना दोष देण्याचा अधिकार माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या व्यक्तीला नाही. आपण आपला वाडा राखला आहे, याची कृतज्ञता मात्र मनापासून व्यक्त करते.

त्यानंतर गुडघे दुखत असतानाही आपण आम्हांला तिवंधा चौकापर्यंत घेऊन आलात. 'नाशिक नव टेकांवर वसविले', म्हणजे नऊ टेकड्यांवर, ही म्हण आई म्हणत असे. डिंगर अळीकडचा चढ चढताना तिचा अर्थ पायांना कळला. चौकात एका जागी थांबून आपण म्हणालात, "आत्ता तुम्ही रहाडीवर उभ्या आहात." पेशवेकाळापासूनचा तो हौद वर्षभर जाड फळ्या आणि माती यांखाली झाकलेला असतो, रंगपंचमीला उघडून त्याची पूजा होते, फुलांपासून तयार केलेला रंग त्यात ओततात आणि मग लोक धप्पे मारतात, म्हणजे त्यात उड्या घेतात, हे मी ऐकून होते. त्याच्यावरून मी आयुष्यभर चालत आले आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. माझी लेक लगेच दोन पावले मागे सरली, तेव्हा आपण तिला पुन्हा पुढे बोलावून, "भिऊ नकोस, आमच्या आज्यापणज्यांनी झाकलीय," असे म्हणालात. घरी आल्यापासून ती हे वाक्य दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला ऐकवते.

आता त्या फोटोविषयी. आईच्या वाड्याच्या चौकात, तुळशीवृंदावनापाशी बसलेल्या बायकांचा तो फोटो आपण चष्मा पुसून बराच वेळ पाहिलात आणि मागच्या रांगेतील, अर्धा चेहरा पदराआड गेलेल्या बाई आपल्या आत्या असल्याचे सांगितलेत. त्यांचा एकही फोटो घरात नाही, असेही म्हणालात. मी तो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला आहे. चेहरा पूर्ण दिसत नाही, परंतु कपाळावरचे कुंकू आणि पदर धरलेला हात स्पष्ट आला आहे. पोस्टाने पाठवावा असे मनाला पटले नाही. रंगपंचमीला रहाड उघडतील तेव्हा आम्ही दोघी येऊ आणि तो आपल्या हाती देऊ.

आपली कृतज्ञ,
आपल्या अळीतील एका जुन्या भाडेकरूची नात