बागेच्या वहीनं लिहितं केलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिहिणं खुंटल्यावर काय करावं, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख होता. एकांत शोधा, चार दिवस गावाबाहेर जा, पहाटे उठून ठरावीक पानं लिहाच, असा त्यातला सल्ला. वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. साडेतीन वर्षं माझ्या हातून कथेची एक ओळ उतरली नव्हती, आणि हे तिन्ही उपाय मी करून पाहिले होते.

मी तासगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. १९९६ पासून दिवाळी अंकांत कथा लिहीत आले. वर्षाला एक, फार तर दोन. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती नोकरी-घर-शेती सांभाळून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना फार मोठा आधार ठरली. जूनमध्ये संपादकांचं पत्र यायचं, जुलैअखेर कथा जायची. माझं लिहिणं त्या पत्राच्या ओढीवर चालायचं.

२०१९च्या फेब्रुवारीत हे गेले. आमच्या द्राक्षबागेत माल उभा होता. दिवसकार्य होतंय न होतंय तोवर तोडणी घ्यावी लागली. जूनमध्ये नेहमीप्रमाणे पत्र आलं. मी कागद घेऊन बसले, ‘पहाट झाली होती’ एवढं लिहिलं आणि खोडलं. पुढच्या वर्षी नवी वही आणली, पहाटे चारला उठून बसू लागले. वही कोरी राहिली. करोना ओसरल्यावर औदुंबरला जाऊन आठ दिवस राहिले. कृष्णाकाठी, जिथं संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं तिथं. एकांत भरपूर होता. त्या एकांतात मला रात्रभर यांचा खोकला ऐकू यायचा. एका अंकाच्या संपादकांनी फोनवर सुचवलं, “ताई, जुनीच एखादी नाव बदलून द्या.” मी नाही म्हटलं. त्यांचं पत्र पुन्हा आलं नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, हे मी वर्गात तीस वर्षं सांगत आले. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. ज्याचं लिहिणं अडलंय त्याला हीच गोष्ट किती टोचते, ते मला तेव्हा कळलं.

आता वहीविषयी. यांची बागेची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. तारीख, छाटणीपासूनचा दिवस, औषध, प्रमाण, पाऊस, मजुरी. निर्यातीच्या मालाला फवारणीच्या नोंदी दाखवाव्या लागतात, त्यामुळे वही बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. ती माझ्याकडे आली. ‘दिवस ११. पोंगा. उडद्या दिसला.’ (पोंगा म्हणजे नुकता फुटणारा कोंब, उडद्या म्हणजे तो खाणारा किडा.) ‘दिवस २६. डावणीसाठी फवारणी. वारा होता, दोन ओळी राहिल्या.’ (डावणी हा वेलीवरचा बुरशीचा रोग.) बॅटरीवर वही टेकवून, ओल्या हातानं लिहायचं. खाडाखोड व्हायची, कुणी बघणारं नव्हतं. शाळेत असताना पक्क्या वहीतल्या खाडाखोडीला मी अर्धा गुण कापत असे. त्या अर्ध्या गुणापायी किती मुलांनी मनातलं वाक्य टाकून पाठ केलेलं वाक्य लिहिलं असेल, याचं आज मला मनापासून वाईट वाटतं.

२०२२च्या ऑगस्टअखेर, फळछाटणीच्या आधी, काड्या तपासायला प्रयोगशाळेत नेल्या. तिथल्या मुलानं काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती कळी, ब्लेडनं आडवा कापला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. हिरवट-पांढरं, ज्वारीच्या कणीएवढं काहीतरी दिसलं. “बाई, हा घड.” छाटणी अजून व्हायची होती, वेलीला पानापलीकडे काही नव्हतं, आणि आत घड तयार होता. तो कधी धरला, विचारलं, तर म्हणाला, जूनमध्येच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात घडनिर्मिती होते. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, आभाळ भरून राहिलं, तर घडाची बाळी होते, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा येतो. बागायतदाराच्या घरात तीस वर्षं काढून हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. जूनमध्ये मी वेलींकडे बघून वहीत लिहिलं होतं, ‘विशेष काही नाही.’ घरी येऊन ते पान काढलं आणि बराच वेळ बघत बसले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाग फुलोऱ्यात असताना दुपारी पाऊस आला. फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे गळ आणि कूज. आम्ही सगळ्या वेली झटकत सुटलो. एका बाईंनी युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली होती. पोतं उलटं असल्यानं त्यावरची अक्षरं आतल्या बाजूनं, उलटी दिसत होती. त्या वेल झटकायच्या, घडाखाली ओंजळ धरायच्या, गळलेली फुलं बघायच्या आणि मला काही न बोलता ओंजळ मिटायच्या. रात्री नोंद करताना मी पाऊस लिहिला, औषध लिहिलं आणि पुढं ती ओंजळही लिहिली. सहा ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी दहा झाल्या. पंधरवड्यात औषधांच्या रकान्याबाहेर, समासात, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मी लिहीत होते. यांच्याविषयीही लिहिलं, पहिल्यांदाच.

२०२३च्या जुलैत कथा पुरी झाली, चौदा पानं. पहिलं वाक्य वहीतलंच आहे, तारीख तेवढी काढली.

म्हणून माझं ठाम मत सांगते. अडलेल्या माणसाला एकांतात पाठवू नका. त्याला कामाची वही द्या, जिथं न लिहून भागत नाही आणि सुंदर लिहायची सक्ती नाही. आमच्या तालुक्यात नवोदितांच्या शिबिरात ‘डोळे मिटा आणि कल्पना करा’ असं सांगतात, ते मला पटत नाही. महिनाभर दूध डेअरीच्या, अंगणवाडीच्या, दुकानाच्या, आजारी माणसाच्या औषधांच्या नोंदी डोळे उघडे ठेवून करा आणि रोज एक ओळ जास्तीची लिहा, असं सांगावं. कुणाला पंधरा दिवसांत वाट सापडेल, कुणाला वर्ष लागेल. घाई करणाऱ्यांनी त्यांना विचारत राहू नये.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत दर रविवारी पाव स्तंभ अशा वह्यांना द्यावा. एसटीचे वाहक, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, घरचा हिशेब लिहिणाऱ्या बायका, यांच्याकडे नोंदवह्या आहेत. त्यांतलं एकेक पान, शुद्धलेखनाला धक्का न लावता, खाडाखोडीसकट छापावं. सुरुवातीला माझ्या वहीची दहा पानं पाठवते. झेरॉक्सच पाठवीन, कारण बाग आज छाटणीपासून बावन्न दिवसांची आहे आणि मूळ वही रोज लागते.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली