बाई, नाना फडणवीस समजावून दिलात त्याबद्दल

बाई, नमस्कार. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चं अभिवाचन आपल्या सांगलीत झालं, लोक शेवटपर्यंत बसले, नंतर कितीतरी जण येऊन नानाबद्दल बोलले. म्हणाले नानाचा राग येत होता पण तो आला की बरं पण वाटत होतं, असं कसं? बाई, ह्या 'असं कसं'चं उत्तर मला तुमच्यामुळे मिळालं आणि ते नीट लिहून ठेवावं असं वाटतंय.

आमच्या ग्रुपमध्ये कोणी बँकेतलं, कोणाचं मेडिकलचं दुकान, नाटकाचं शिक्षण कुणाचंच नाही. घाशीराम वाचणाऱ्याला निदान धरायला काहीतरी आहे, कनौजहून पोट भरायला आलेला माणूस, चोरीचा आळ येतो, पुण्याचे बामण मारतात, हाकलतात, आणि मग तो सूड घ्यायची शपथ घेतो, म्हणजे कारण समोर दिसतं. मी वाचत होतो नाना, आणि नानाला असं कारण तेंडुलकरांनी दिलेलंच नाही. त्याचं लहानपण नाही, दुखणं नाही, पश्चात्ताप तर नाहीच. पेशव्यांचा मुख्य कारभारी, लग्नावर लग्नं करणारा, आणि हे असंच असतं असं मानून चालणारा. ह्याचा आवाज आणायचा कुठून?

तेव्हा तुम्ही तुमची ती पिवळी पडलेली प्रत हातात दिलीत आणि एकच काम सांगितलंत, नाना कुठे कुठे खोटं बोलतो ते पेन्सिलने खूण करून आण. मी दोनदा वाचलं, तीनदा वाचलं, खुणा फार थोड्या झाल्या. घाशीरामची पोरगी गौरी गेल्यानंतरचा प्रसंग सोडला तर नाना आपल्याला, म्हणजे प्रेक्षकाला, जवळजवळ सगळं खरंच सांगतो. त्या पोरीच्या बदल्यात घाशीरामला पुण्याची कोतवाली देऊन झाली की तो एकटा राहतो आणि सरळ आपल्याकडे वळून सगळा हिशोब मांडतो, की हा उपरा आहे, पुण्याचे बामण ह्याला कधी आपला म्हणणार नाहीत, म्हणजे हा आमच्याविरुद्ध कोणाशी हातमिळवणी करू शकत नाही, आणि आम्ही जे काही करू ते ह्याच्या नावावर जमा होईल. दुनळी बंदुकीसारखं आहे म्हणतो, एका बारात पोरगी आणि दुसऱ्यात सगळं पुणं. इतकं उघड! तुम्ही म्हणालात, बघ, तुला विश्वासात घेतलं त्याने, आता तू त्याच्या बाजूचा झालास, तुला माहीत असून तू गप्प बसणार. ते ऐकल्यावर मला त्या सगळ्या संवादांचा सूर सापडला. ओरडायचं नाही, कारस्थानी हसायचं नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचं.

नाटकात ज्याच्यावर भरवसा ठेवू नये असा बडा माणूस दाखवायचा तर लेखक साधारण काय करतात, त्याला गोड बोलायला लावतात आणि तिसऱ्या अंकात मुखवटा काढतात. तेंडुलकरांनी मुखवटा दिलाच नाही. नाना पहिल्यापासून जसा आहे तसाच आहे, बावन्नखणीत, म्हणजे पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीत, गुलाबीकडे नाचतो, पाय मुरगळतो, घाशीराम पाय ठेवायला स्वतःची पाठ देतो आणि नाना गळ्यातला हार काढून त्याला देतो. तो हार घाशीरामकडे टिकत नाही, गुलाबी काढून घेते आणि गुंडांकरवी त्याला बाहेर फेकते. ह्या छोट्या प्रसंगावर तुम्ही आम्हाला पूर्ण संध्याकाळ थांबवलं होतंत. नानाने दिलेलं काहीच आपलं नसतं हे इथेच सांगून झालंय, पुढची कोतवाली म्हणजे पण तोच हार, असं म्हणालात. तेव्हापासून नाटकाचा शेवट मला ह्या सुरवातीतच दिसायला लागला.

आणि ती माणसांची भिंत. पाठमोऱ्या बामणांची रांग, जी गाते, डुलते, मधेच रस्ता होते, मधेच पडदा होते. आम्ही अभिवाचन करत होतो म्हणजे भिंत उभी करणं शक्यच नव्हतं, आणि मी म्हटलं ते सोडून देऊ, तर तुम्ही ठाम नाही म्हणालात. सगळ्यांना नानाच्या मागे न बसवता पुढे बसवलंत, मी बोलताना त्यांची डोकी मधे येतील अशी. काय फरक पडला बाई त्याने! मोठ्या घरच्या माणसाला स्वतः काही लपवावंच लागत नाही, त्याच्यापुढे उभी राहणारी माणसं असतात, आणि ती गाणं म्हणत, हरिनाम घेत उभी असतात. घाशीराम जे क्रौर्य करतो ते सगळं आपल्यासमोर होतं, त्या बिचाऱ्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवतात तो प्रसंग वाचताना आमच्यातल्या एकीचा आवाज फुटला होता. नानाच्या हातून मात्र रंगमंचावर कोणालाच साधी जखमसुद्धा होत नाही.

गणपतीपुढचा प्रसंग मला वाचायला सगळ्यात अवघड गेला. कीर्तन संपून सगळे गेलेत, पोरगी एकटी, ती मूर्तीकडे बोट दाखवते की तो बघेल, आणि नाना म्हणतो तो काय बोलणार, त्यालाच दोन्ही बाजूंना दोन बायका. हशा येतो इथे. तुम्ही सांगितलंत हशा येऊ दे, अडवू नकोस, पण हसल्यानंतर एक क्षण काही बोलू नकोस. मी थांबलो. त्या क्षणात लोकांना कळलं आपण कशावर हसलो ते, मला समोर चेहऱ्यांवर दिसत होतं.

मग गौरी मरते आणि बाप जाब विचारायला येतो तेव्हा हाच नाना एकदम आत्मा, जन्ममरण, ईश्वराची इच्छा ह्या भाषेत शिरतो. पोरगी हवी होती तेव्हा देवाची थट्टा आणि ती मेली तर देवाचाच आधार. एकाच तोंडात ह्या दोन भाषा, मला वाटतं नानाचा अविश्वासूपणा कुठे ऐकू येत असेल तर इथेच. आणि लोक घाशीरामचं डोकं मागायला येतात तेव्हा तर त्याला अजिबात जड जात नाही. हुकूम लिहून देतो, वर कशी विटंबना करा तेही सांगतो, आणि शेवटी जमावाला म्हणतो संकट टळलं, उत्सव करा. ज्याने घाशीराम घडवला तोच त्याच्यापासून सुटका केल्याचं श्रेय घेतो!

तुम्ही आम्हाला मागचं पण सांगितलंत ते फार उपयोगी पडलं. खरा घाशीराम 1791 साली पुण्यात जमावाने मारला, त्याच्यावर मोरोबा कान्होबांचं पुस्तक 1863 सालचं, आणि नाटक पहिल्यांदा झालं 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नाना, रमेश टिळेकर घाशीराम. 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए ह्या संस्थेने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ते बंद केलं आणि मग थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था उभी राहून 1974 पासून पुन्हा सुरू झालं. नानाची आणि ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून केवढा गदारोळ. आमच्यातल्या एकाच्या घरी ह्यावरून अजूनही वाद होतात, त्याला तुम्ही सांगितलंत की इतिहासातला नाना मोठा मुत्सद्दी होता हे मान्य करायला काहीच हरकत नाही, तेंडुलकर स्वतःच म्हणत होते की हे ऐतिहासिक नाटक नाही, घाशीराम कुठल्या परिस्थितीत तयार होतात हे त्यांना दाखवायचं होतं. तो पोरगा शांत झाला आणि दुसऱ्या दिवसापासून वेळेवर यायला लागला, ह्याबद्दल वेगळे आभार.

गुडघा दुखत असताना जिना चढून तालमींना आलात, एक रुपया घेतला नाहीत, चहासुद्धा घरून थर्मासमधून आणलात. नाव लावू म्हटलं तर ते पण नको म्हणालात, म्हणून इथेही लिहीत नाही. पण बाई, आता इस्लामपूरला बोलावणं आलंय, सगळ्यांचं म्हणणं आहे की सूत्रधार तुम्ही वाचावा. गाडीची सोय केलीय, तुमची खुर्ची पुढच्या रांगेत मधे ठेवणार आहोत, फक्त हो म्हणा.