दुकानात ‘आम्ही’ म्हणालेल्या काकांना

आदरणीय काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय, कारण आमची बेअब्रूही चारचौघांतच झाली होती.

गेल्या जानेवारीत, सोलापुरात ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, मंगळवार पेठेतून आमच्या सूर्यफूल तेलाच्या पेट्या परत येऊ लागल्या. पहाटेच्या गारठ्यात बाटलीत पांढुरकं धुकं धरायचं, तळाशी साका. बोभाटा झाला की पामतेल मिसळलंय. खोबरेल गोठलं तर बाया शुद्ध म्हणून कौतुक करतात. सूर्यफूल जरा गढुळलं की मालक चोर! सासऱ्यांनी जन्मभर एका नावावर धंदा केला. त्या दिवसांत ते जेवताना मान वर करत नव्हते.

तेल गार करणारं मशीन, चिलर, बसवून देणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. एका सल्लागारानं येण्याचे पैसे आधी मोजून घेतले आणि फिल्टरचं कापड बदलायला सांगितलं. बदललं, तरी तेच. दुसरा म्हणाला, बाटलीच रंगीत करा, दिसणार नाही. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

तुम्ही एसटीनं आलात. वाटलं, आधी प्लांट बघाल. तुम्ही म्हणालात, “माल परत पाठवणाऱ्याकडं आधी जाऊ.” दुकानात गरम पाण्याचं पातेलं मागून घेतलंत, त्यात आमची बाटली दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात. समोरचा चहा गार झाला. धुकं हळूहळू विरलं. दुकानाचे शेठ खूश झाले, तर तुम्हीच त्यांना अडवलंत: “थांबा, गोठलेलं पामतेलही असंच निवळतं.” मग लॅबचा रिपोर्ट पुढं ठेवलात. पामतेलात पामिटिक नावाचं मेदाम्ल ४० टक्क्यांच्या आसपास असतं, सूर्यफुलात ५ ते ७. आमचं ६ होतं. “हे बियांच्या टरफलातलं मेण आहे. खाण्याला अपाय नाही. काढायचं राहिलंय, ते आम्ही काढतो.”

आम्ही! काका, तोवर तुम्ही आमच्याकडून बसभाडंसुद्धा घेतलं नव्हतं. घरचे-दारचे सगळे ‘तुमचं तेल, तुमचा घोळ’ म्हणत होते. त्या एका शब्दावर मी दुकानातच पदर डोळ्यांना लावला. तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत, हेही विसरले नाही.

चूक आमची होती, ती तुम्ही न रागावता दाखवलीत. दिवसाला एक बॅच जास्त निघावी म्हणून आम्ही तेल झटकन गार करायचो. मग मेणाचे कण बारीकच राहतात. काही कापडातून निसटतात, बाकीचे कापड बुजवून टाकतात. “मेणाला घाई सोसत नाही,” म्हणालात. ८ अंशांच्या आसपास सावकाश आणायचं, ढवळणी संथ, कण मोठे होईस्तोवर तासन्‌तास थांबायचं. नवी मशीन नाही, महागडी पावडर नाही. चाचणीची बाटली शून्य अंशाच्या बर्फात साडेपाच तास ठेवायची होती. मी घरी जा म्हणाले, तर तुम्ही स्टूल ओढून तिथंच बसलात. रात्रपाळीच्या पोरानं डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी तुमच्यापुढं ठेवली, तुम्ही त्याच्याबरोबर खाल्लीत आणि त्याच्या गावाकडच्या करडईची चौकशी करत राहिलात. ज्याला आठवडाभर सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्या पोराशी कुणीतरी माणसासारखं बोलत होतं. अशी माणसं अजून आहेत हे कुणीतरी दाखवायची मला तेव्हा गरज होती, इतकी मी खचले होते.

बाटली लख्ख निघाली.

यंदा थंडी पडल्यावर शेठनी पहिली पेटी रात्रभर गच्चीवर ठेवली आणि सकाळी स्वतः फोन केला. सासऱ्यांनी तुमच्यासाठी ५ लिटरचा डबा बाजूला काढून त्यावर खडूनं ‘काका’ लिहिलंय. संक्रांतीला मी तो आणि तिळगूळ घेऊन येतेय. या वेळी पैसे पुढं करू नका.

तुमची,
अक्कलकोट रोडवरच्या तेल गिरणीतली सून